साडू, गणपती आणि 216 पौंड

आमच्या सोसायटीत अलीकडे आलेले बरेचसे फ्रीज माझ्या क्रेडिट कार्डावर आलेत. शेजाऱ्यांनी रोख पैसे मला द्यायचे, कार्ड मी घासायचं आणि पॉइंट माझ्या खात्यात. दुकानदार मला दलाल समजायचा. हळूहळू आमच्या हिलाही तसंच वाटू लागलं. पण ज्याचा उभा जन्म बँकेत दुसऱ्यांचं व्याज मोजण्यात गेला, त्याला स्वतःचं काहीतरी साठतंय याचं सुख काही वेगळंच असतं.

त्या पॉइंटांवर मी बॉस्टनच्या मुलीकडून घरी परतायची तिकिटं काढली. बॉस्टन–लंडन–मुंबई, दोघांची, आणि तीही प्रीमियम इकॉनॉमीत, कारण हिचे गुडघे. तिकीट फुकट असलं तरी त्यावरचे कर आणि आकार रोखीने भरावे लागतात, हे मला ठाऊक होतं. अमेरिकेचा 11 सप्टेंबरवाला सुरक्षा आकार माणशी 5.60 डॉलर. तेवढी ओळ मी जावईबापूंना दाखवली. खालच्या ओळी दाखवल्या नाहीत.

हीथ्रोला काही तास थांबून विमान बदलायचं होतं. तेवढ्यात साडूंचा फोन आला. ते लंडनला असतात. "अहो, ऐन गणपतीत येताय आणि विमानतळावरून परत जाणार? डॉलिस हिलला आपल्या महाराष्ट्र मंडळात आरतीला या. 1932 सालचं मंडळ आहे!" ब्रिटनचा व्हिसा होताच. शिवाय आपण पॉइंटांवर जग फिरतो, हे साडूंना दाखवायची संधी कोण सोडणार? म्हटलं, "तीन दिवस राहतो. तिकिटाचं काय, पॉइंटांचंच आहे. फिरवून घेतो."

कस्टमर केअरवरची मुलगी फार गोड बोलली. "सर, पॉइंटमध्ये फरक शून्य आहे." जावईबापूंना ऐकू जावं म्हणून मी स्पीकर चालू केला. "बदलाची फी माणशी लागेल." ठीक. "आणि सर, टॅक्समध्ये थोडा फरक येतोय." स्पीकर बंद करायचं बटण मला सापडेना.

त्या थोड्या फरकाचं नाव एअर पॅसेंजर ड्यूटी. ब्रिटनमधून विमानाने निघणाऱ्यावर तिथलं सरकार ती लावतं. 1994 साली सुरू झाली तेव्हा दूरच्या प्रवासाला 10 पौंड होती. मुंबई ज्या अंतराच्या गटात बसते, त्याला एप्रिल 2025पासूनच्या वर्षात साध्या इकॉनॉमीत 90 पौंड आणि त्याच्या वरच्या वर्गात 216 लागत होते. नुसतं विमान बदलून पुढे जाणाऱ्याला ती माफ असते. पण मुक्काम 24 तासांच्या वर गेला की सरकारच्या लेखी तुम्ही लंडनहूनच निघालात. तिकीट पैशांचं की पॉइंटांचं, याचं त्याला सोयरसुतक नाही. म्हणजे दोघांचे 432 पौंड, रुपयांत पन्नास हजारांच्या घरात. हिच्या गुडघ्यांनी साध्या खुर्चीत दम धरला असता तर माणशी 126 वाचले असते. हे मी मोठ्याने बोललो. बोलायला नको होतं.

तेवढ्यावर भागलं नाही. बदल केला की तिकीट नव्याने निघतं आणि आकार त्या दिवसाच्या दराने पुन्हा मांडले जातात. त्यात 'वायक्यू' नावाची एक ओळ चांगलीच फुगली होती. "हा कुठल्या देशाचा कर?" "सर, तो कंपनीचा चार्ज आहे." करांच्या पंगतीत बसलेली ही रक्कम कुठल्याच सरकारकडे जात नाही. पूर्वी तिला इंधन अधिभार म्हणत. पुढे बऱ्याच कंपन्यांनी नावातून इंधन काढून टाकलं, अधिभार ठेवला. लग्न नोंदणी पद्धतीने, पण मानपान सगळ्या आत्यांचा यथासांग, तसलं हे 'फुकट' तिकीट. बँकवाला म्हणून मला ही युक्ती मनापासून आवडली असती, गिऱ्हाईक मी नसतो तर.

मग मी डोकं चालवलं. 24 तासांच्या आत गणपती उरकता येईल का? सकाळी उतरायचं, आरती, मोदक, साडूंकडे झोप आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे हीथ्रो. हिशेब चोख बसला. पण त्या विमानात पॉइंटांची सीट एकच शिल्लक होती. "मग तुम्ही व्हा पुढे," ही म्हणाली, "मी राहते बहिणीकडे."

जुनं तिकीट तसंच ठेवता आलं असतं. पण एव्हाना साडूंनी आमचं येणं मंडळात सांगून ठेवलं होतं. पैसे भरले, त्याच कार्डाने. त्यावर पॉइंट मिळाले, हे मी हिला सांगितलं नाही.

आरती छान झाली. प्रसादाच्या रांगेत साडूंनी विचारलं, "मग, सगळं फुकटच ना?" मी "हो" म्हणायच्या आत हिने पौंडांतला आकडा सांगितला. साडूंनी तो मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना सांगितला आणि रांगेच्या शेवटापर्यंत तो माझ्याआधी पोहोचला.

तेव्हा वाचकहो, लंडनला साडू असतील तर जरूर जा. पण मुक्काम 24 तासांच्या वर नेण्याआधी तिकिटाखालच्या सगळ्या ओळी वाचा आणि साडूंना फोन त्यानंतरच करा.