लिलावाचे आप्पा

यावल-रावेरकडचा शेतकरी भेटला की बोलणं भावावर येतंच. आप्पाही भावावरच बोलतात. फक्त केळीच्या नाही, खेळाडूंच्या. जळगावला तारखेसाठी आलेले असोत की ठिबकच्या नळ्या घ्यायला, स्टँडजवळच्या टपरीवर अर्धा चहा घेतल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि खिशात लाल डायरी. डायरीच्या डाव्या पानावर युरिया, पोटॅश, मजुरी. उजव्या पानावर 'लखनौ – शिल्लक', 'पंजाब – शिल्लक'. डाव्या पानाची बेरीज बहुतेक वेळा चुकते. उजव्याची कधीच नाही.

आप्पांच्या हातात बॅट कुणी पाहिलेली नाही. सामना लावला की दहाव्या षटकाच्या आत ते घोरू लागतात. पण २४ नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाहमध्ये आयपीएलचा मोठा लिलाव सुरू झाला, तेव्हा आप्पांच्या मळ्यात भरिताची पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या आणि यजमान खाटेवर मोबाइल घेऊन बसलेले. श्रेयस अय्यरला पंजाबनं २६.७५ कोटींना घेतलं आणि आप्पा उठून उभे राहिले. घटकाभरात ऋषभ पंतचं नाव आलं. लखनौची बोली २०.७५ कोटींवर थांबली. दिल्लीनं राइट टू मॅच, म्हणजे तेवढीच बोली देऊन आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क काढला. नव्या नियमानं लखनौला आणखी एकदा बोली वाढवायची मुभा होती. त्यांनी थेट २७ कोटी म्हटलं आणि दिल्लीनं हात वर केले. इकडे वांगी जळून कोळसा झाली होती. "जयू द्या रे भो," आप्पा म्हणाले, "वांगे काय, पुन्हा भेटतीन!"

आप्पांचं अर्थशास्त्र एका वाक्यात मावतं: खेळाडू म्हणजे सालदार. आखाजीला ठरवायचा, पुढच्या आखाजीला हिशोब करायचा. मालकाला पटला तर ठेवायचा, नाही तर मोकळा. "फरक इतलाच, आपल्या सालदाराले टाया वाजत नाही."

धुळ्याचे साडू कबड्डीवाले. पांझरेकाठी दोघे बसले की घरातले चहा देऊन लांब सरकतात. साडू सांगणार, "२०१४ मां राकेश कुमारले १२.८० लाख भेटनात, ते तवय सगळास्मां जास्त व्हतात. २०२३ मां पवन सेहरावत २.६० कोटीना वर गया! नऊ सालमां!" आपल्या कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १.४५ कोटी मिळाले, हेही ते ऐकवतात. आप्पा सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "एका टीमची थैली किती? आमच्याकडं २०२४ च्या लिलावाले १२० कोटी होते." साडू गप्प. मग शेवभाजी येते आणि तह होतो.

पण आप्पांना खरा हादरा दिला तो डॅलसच्या भाच्यानं. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, हे ऐकून आप्पा आधीच नाराज होते. भाचा म्हणाला, आमच्या काउबॉयज संघानं सप्टेंबर २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉटशी चार वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. वर्षाचे सहा कोटी डॉलर, म्हणजे आपले पाचशे कोटी. आप्पांनी डायरी मिटली. असा आकडा उजव्या पानात बसत नव्हता. त्यातले आठ कोटी डॉलर नुसत्या सहीचे, हे कळल्यावर मात्र चेहरा उजळला. "म्हंजे उचल! इतकं शिकेल लोक, अन् शेवटी उचल देऊनच माणूस बांधता." तिकडे एका संघानं खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा, यालाही मर्यादा आहे, २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी डॉलर होती. हा नियम आप्पांना फार आवडला. अशी मर्यादा सालदारांनाही हवी, असं त्यांनी टपरीवर दोनदा बोलून दाखवलं.

मग २०२५ ची आखाजी आली. लेकी माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, ओट्यावर पत्त्यांचा डाव. आप्पांचा सालदार समोर येऊन बसला. वर्षभर रात्री पिकाला पाणी भरताना त्यानं आप्पांचं लिलावपुराण ऐकलं होतं.

"आप्पा, शेजारच्या शिवारातले पाटील एक लाख वीस म्हनता. तुम्हाले राइट टू मॅच."

आप्पा खूश. शिष्य तयार झाला! "दिले एक वीस!"

"थांबा. नवा नियम हाय. समोरच्याले अजून एक डाव वाढवता येतं." तो बाहेर जाऊन फोन करून आला. "एक पस्तीस म्हनता."

आप्पांनी टोपी काढली. त्या हंगामात पंतच्या धावा आटल्या होत्या, त्याचा त्यांना आधार वाटला. "सत्तावीस कोटी देऊन काय झालं, पायतोय ना? जास्त पैशानं काम बिघडतं."

"त्याची बॅट चालत नाही, आप्पा. माझं फावडं एक दिवस तरी बंद व्हतं का?"

"दिल्लीवाल्यांनी सोडलंच ना शेवटी?"

"सोडलं. पन रातच्या बारा वाजता लाइट आल्यावर केयीले पानी भरायचं, हे काम दिल्लीवाल्याईकडं नव्हतं."

आप्पा लाल डायरी उघडून बराच वेळ बसले. डावं पान, उजवं पान, पुन्हा डावं. मग आत जाऊन उचलीचे पैसे घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी टपरीवर आप्पांनी छाती काढून जाहीर केलं, "सालदार रिटेन केला!"

"कितीले, आप्पा?" चौघांनी एकदम विचारलं.

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "कोनाचा पगार असा चारचौघांत इचारू नये रे भो. बरं दिसत नाही."