पिशवीची गोष्ट

राजापेठेत आमची गच्ची अन् काकूंची गच्ची, मधे कमरेएवढी भिंत. मार्च लागला की त्या भिंतीपाशी कुरडयांपेक्षा गोष्टीच जास्त वाळत घातलेल्या असतात.

"काऊन वं, तोंड काऊन उतरलं तुहं?"

"अकोल्याची ननंद पिशवी काढून राह्यली, काकू. पन्नाशीची हाये. सोनोग्राफीत गाठ निंगाली, आवळ्याएवढी."

"अंगावर लय जाते काय?"

"नाई ना. चार-चार महिने पायीच येत नाई. कायचा तरास नाई. भेव वाटते म्हन्ते, क्यान्सर होईन."

"बाप्पा! भेवानं पिशवी काढते काय कोनी? अशा गाठीचा क्यान्सर हजारात एखादा. आयक, डफरीनच्या डाक्टरीनबाईनं मले काय सांगतलं. थे गाठ इस्ट्रोजनवर जगते. पायी गेली का दिव्यातलं तेल सरलं. माही संत्र्याएवढी होती, चार वर्सांत लिंबाएवढी झाली."

"पन तुमच्या तं धो-धो जाये ना?"

"व्हय. रक्त सातावर आलं होतं. लोहाच्या गोया लिंबूपान्यासंगं घेतल्या, चहासंगं नाई. पायीच्या दिवसांत रक्त आटोक्यात ठेवाच्या गोया. तशी दोन वर्सं काढली. जिचं त्यानं भागत नाई, जिची लघवी दाबते, तिनं काढावी बापा. पन उगीच नाई."

खाली काका खाकरले. काकूंनी आवाज उतरवला.

"बीडचं आठोते? २०१९ ले नीलम गोऱ्हेंची समिती बसली होती. ८२,३०९ ऊसतोड बायका पाह्यल्या, त्यातल्या १३,८६१ जनींची पिशवी काढलेली. पायीत खाडा पडला का मुकादम दंड लावे. त्यायले तरी पोटाची अडचन होती. तुह्या ननंदेले कायची घाई? तिले म्हना, दुसऱ्या डाक्टरले दाखव, मंग ठरव."

"म्हन्जे पायी गेल्यावर बिनघोर?"

काकूंनी कुरडई उलटली. जराशा थांबल्या.

"नाई वं. बारा महिने कोरडे गेले अन् मंग थेंबभर जरी लाल दिसलं, तं त्याच हप्त्यात दवाखाना. गाठ आकसाच्या जागी वाढली, तरी जाच. सोनोग्राफीत अस्तर पाह्यतात. चार मिलिमीटरच्या वर भरलं तं तुकडा काढून तपासतात. माह्या जाऊबाईनं सहा महिने पायी परत आली म्हून तुयशीले पानी घालनं बंद केलं, पन दवाखान्यात नाई गेली."

"मंग?"

"मंग काय. थे गाठ नोयती, अस्तराचा क्यान्सर होता."

दोघी गप्प. खालच्या गल्लीतून सायकलची घंटी गेली. तेवढ्यात जिन्यातून काकांची हाक आली, "अवं, इतवाऱ्यात जाऊन येतो, पिशवी काढून दे!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पदर तोंडाशी गेला.

"दोन डाक्टरांले इचारल्याबिगर नाई काढत!"

"आँ?" काका म्हणाले.