पटकथेतला बोका

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विनोदी पटकथेचं गाडं शेवटाशी येऊन अडलं. मग ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ पुन्हा पाहिला. उसनवारी करायचीच, तर मोठ्या पेढीवरून करावी.

1961 चा सिनेमा. ऑड्री हेपबर्नच्या हॉलीकडे एक तांबूस बोका असतो. त्याला नावही नाही, नुसतं ‘कॅट’. शेवटी ती त्याला भर पावसात टॅक्सीतून बाहेर काढते, मग कासावीस होऊन शोधत फिरते. बोका गल्लीतल्या खोक्यांत सापडतो आणि नायक, नायिका, बोका असे तिघेही चिंब भिजून मिठीत. ट्रुमन कपोटीच्या 1958 च्या मूळ कथेत यातलं निम्मंच आहे. तिथे बोका हॉलीला सापडत नाही, बाईसाहेब ब्राझीलला निघून जातात आणि पुढे कधीतरी निवेदकाला तो कुणाच्या तरी खिडकीत सुखाने बसलेला दिसतो. रडका शेवट गोड करायला पटकथाकार जॉर्ज अ‍ॅक्सलरॉडने बोक्यालाच कामाला लावलं.

अ‍ॅक्सलरॉड पक्का धंदेवाईक. रेडिओ-टीव्हीसाठी ढिगाने लिहिलं, 1952 मध्ये ‘द सेव्हन इयर इच’ हे नाटक आणलं, त्याचे ब्रॉडवेवर हजाराच्या वर प्रयोग झाले. ‘टिफनीज’साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, बाहुली नाही. बोक्याला मात्र प्राण्यांचा पॅट्सी पुरस्कार मिळाला, तोही दुसऱ्यांदा! पहिला ‘रूबार्ब’साठी, ज्यात त्याला वारशात बेसबॉलचा अख्खा संघ मिळतो. ऑरेंजी त्याचं नाव. नटांना बोचकारायचा, सेटवरून पसार व्हायचा. पटकथाकाराची पायरी बोक्याच्या खाली असते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी काय केलं, तर कर्वे रोडवर, पावसात, नायिकेला रिक्षातून बोका सोडायला लावला.

नॅरेशनला निर्माते भडंग खात ऐकत होते. मध्येच थांबले. “पहिल्याच पानावर मांजर आडवं जातंय.”

“साहेब, आडवं नाही, समोरून येतंय.”

तरी त्यांनी ते आठव्या पानावर ढकललं. दिग्दर्शकाने विचारलं, “पण मांजर नेमकं करतं काय?” लेखकाने लिहावं आणि गप्प बसावं. मी चवड्यांवर बसलो, मग गुडघ्यांवर आलो आणि सतरंजीवर चार पायांनी चालून, पाठ कमानदार करून दाखवली. गुडघा कडकन वाजला. चहा घेऊन आलेला पोरगा दारातच थबकला. त्याने सगळ्यांना हातात कप दिले. माझा कप माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

पुढे प्रॉडक्शन मॅनेजरने वही उघडली. प्राणी घ्यायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी हवी. “अर्जात काय लिहू? मांजर पावसात टाकणार?” मी घाईघाईने बोका रिक्षातच बसवला. मग टँकरचा खर्च नको म्हणून पाऊस गेला. पाऊस गेल्यावर रिक्षा कशाला? बोका खिडकीत आला. शेवटी तो पडद्यामागेच गेला, नुसता आवाज उरला. दरम्यान संवादांना ‘जरा हात फिरवायला’ दुसरे एक लेखक आले होते. ते हात फिरवत माझ्या नावापर्यंत पोचले.

डबिंगच्या दिवशी मला अचानक बोलावणं आलं. वाटलं, चूक उमगली! ध्वनिमुद्रक म्हणाला, “आमच्याकडचं म्याँव विलायती वाटतं. तुम्ही नॅरेशनला झकास केलं होतं म्हणे.”

अकरा टेक झाले. काचेपलीकडून दिग्दर्शक सांगत होता, “थोडं उपाशी वाटू दे.” दुपारचे तीन वाजले होते, जेवण विचारलं नव्हतं आणि मानधनाचा दुसरा हप्ता ‘सिनेमा लागल्यावर’ होता. बारावा टेक ओके झाला.

सिनेमा आठवडाभर टिकला. हप्त्याचा फोन तेव्हापासून कुणी उचलत नाही. श्रेयनामावलीत मी कुठेच नव्हतो, पण सासूबाईंना हौसेने घेऊन गेलो होतो. मध्यंतरात त्या हळहळून म्हणाल्या, “किती ओरडतंय हो ते बिचारं! कुणी त्याला काही देत कसं नाही?”