दुर्घटना घडल्यावर घरबसल्या काय करावे

दुर्घटना सांगून येत नाही, म्हणून तिला प्रतिसाद देण्याची तयारी आधीपासून हवी. दरड कोसळो, फलक पडो किंवा स्टेशनवर चेंगराचेंगरी होवो, सुज्ञ नागरिकाने कसे वागावे याचे थोडक्यात मार्गदर्शन येथे केले आहे. ते साधारण तीन दिवस पुरते. चौथ्या दिवशी क्रिकेट असते.

सर्वप्रथम घटनास्थळाशी आपला संबंध प्रस्थापित करावा. ज्याचा संबंध नाही त्याच्या हळहळीला चारचौघांत भाव मिळत नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ माणसे गेली. त्यानंतर 'अरे, मी कालच तिथे पेट्रोल भरलं' म्हणणारे इतके भेटले, की मुंबईतल्या बाकीच्या पंपांचा धंदा कसा चालतो असा प्रश्न पडावा. तुमच्याकडे गाडी नसल्यास मेहुण्याची चालेल. 'पाच मिनिटांनी वाचलो' हे वाक्य पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. फक्त प्रत्येक वेळी पाचच मिनिटे सांगावीत, बायको शेजारी उभी असते.

एवढ्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन येईल. 'मामा, तुम्ही सगळे सेफ ना?' दरड खालापूर तालुक्यात, तुम्ही डोंबिवलीत. पण अमेरिकेतून पाहिले की दोन्ही गावे एकाच वाड्यात असतात. नुसते 'हो रे' म्हणून त्याला वाटेला लावू नये. त्यानेही तिकडे ऑफिसात कोणाला तरी सांगायचे असते.

आता मुख्य कार्य: व्हॉट्सॲप. दुर्घटनेचा व्हिडिओ हाती येताच पुढे पाठवावा. त्यातली माणसे कोणत्या भाषेत ओरडत आहेत याकडे लक्ष देऊ नये. लक्ष गेलेच तर आवाज बंद करून पाठवावा. मागच्या वर्षीचा, दुसऱ्या देशातला पूर असला तरी पाणी पाणीच असते. नातेवाइकांच्या गटात श्रद्धांजलीचे तीन जोडलेले हात पुरेसे होतात. नेमका त्याच दिवशी सुमनमावशीच्या नातवाचा वाढदिवस असतो, म्हणून क्रम पाळावा: आधी श्रद्धांजली, मग केक. मध्ये निदान एक संदेश दुसऱ्या कोणाचा तरी यायला हवा, तोपर्यंत थांबावे. आणि पहाटे आपोआप जाणारे गुलाबाचे सुप्रभात त्या दिवशी बंद ठेवावे. हे मात्र आजवर एकाही काकांना जमलेले नाही.

बातमी पोहोचवण्याची जुनी पद्धतही होती. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला नेहमीची एसटी गेली, तेव्हा चालकाला गावाच्या जागी चिखलाचा ढिगारा दिसला. त्याने गाडी वळवली आणि खबर पोहोचवली. दीडशेहून जास्त माणसे त्या ढिगाऱ्याखाली गेली होती. चालकाने सोबत स्वतःचे मत पाठवल्याचे ऐकिवात नाही, त्यामुळे ही पद्धत मागे पडली.

मत हवेच, आणि ते तज्ज्ञाचे हवे. दरड असेल तर रातोरात भूगर्भशास्त्रज्ञ व्हावे, पूल असेल तर स्थापत्य अभियंता. 'गाडगीळांनी आधीच सांगितलं होतं' हे वाक्य पश्चिम घाटात कुठेही चालते. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली सादर झाला. तो उघडून पाहू नये. त्यात आपल्या सेकंड होमचा तालुका निघाला तर पंचाईत होते.

मग संताप. 'प्रशासन झोपलं होतं का?' असे विचारावे. घाटकोपरच्या फलकाला महापालिकेच्या नियमाने जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची मर्यादा होती, तो होता १२० बाय १२०. त्याची लिम्का बुकात नोंदही झाली होती. म्हणजे पडेपर्यंत तो विक्रम होता, पडल्यावर अनधिकृत झाला. द्रुतगती मार्गावरून रोज जाणाऱ्या लाखो डोळ्यांनी तो पाहिला होता, पण त्या वेळी संतापाचा मुहूर्त नव्हता.

दुसऱ्या दिवशी नेहमीची लोकल पकडावी. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर लोक कामाला निघाले. याला मुंबईचे स्पिरिट म्हणतात. रजा बिनपगारी धरली जाते हा भाग अग्रलेखात येत नाही.

प्रत्यक्ष घटनास्थळी जाणे शक्यतो टाळावे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा काही जणांनी कसलेच मार्गदर्शन न घेता पावसात, अंधारात डोंगर चढायला घेतला. आसपासचे गिर्यारोहक, अग्निशमन दल, एनडीआरएफचे जवान. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्याने उकरत राहिले. नवी मुंबई अग्निशमन दलातले एक जण चढतानाच हृदयविकाराने गेले. शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे सरकारने विधानसभेत सांगितले. चढून गेलेल्यांना डीपी काळा करायला सवड झाली नाही, ही त्यांच्या प्रतिसादातली उणीव म्हणावी लागेल.

राहता राहिला पुढच्या दुर्घटनेपर्यंतचा रिकामा वेळ. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे. हा विषय सोसायटीच्या सभेत येतो, पुढच्या पानावर वर्गणीचा आकडा येतो, आणि गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे चहा पिऊन पाच माणसे विषय पुढे ढकलतात. तुमच्या इमारतीच्या सूचना फलकावर अशी नोटीस लागली असेल तर रविवारी सकाळी दहाला खाली या. खुर्च्या रिकाम्याच असतात.