पोपवर आमचं प्रेम (अटी लागू)

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले. त्या संध्याकाळी वसईतल्या झाडून साऱ्या स्टेटसवर ते हसत होते. आमच्या वाडीच्या ग्रुपवर तर फोटोंचा असा लोंढा आला की त्यात एकाची वन-बीएचके भाड्याने देण्याची जाहिरात वाहून गेली आणि त्याने ती रात्री अकराला, ‘दुःखद प्रसंगी क्षमस्व’ म्हणून, पुन्हा टाकली.

फोटोंखाली वचनं होती. त्यातली बरीचशी पोपमहोदयांनी कधी ऐकलीही नसतील. पांढरंशुभ्र फुगीर जॅकेट घातलेला त्यांचा तो प्रसिद्ध फोटोही पुन्हा उगवला. तो २०२३ मध्ये एआयने बनवला होता. पुढच्या वर्षी एआयबद्दलच्या संदेशात खुद्द पोपनी आपलंही असं बनावट चित्र फिरल्याचं नमूद केलं होतं. पण इतका देखणा फोटो केवळ खोटा आहे म्हणून सोडून द्यायचा, एवढे काही आम्ही कर्मठ नाही.

प्रेमाबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमचं प्रेम होतंच. लोकांचा माणूस, राजवाडा सोडून अतिथिगृहात राहणारा, निवडून आल्यावर आपल्या खोलीचं बिल स्वतः चुकतं करणारा, लाल बूट नाकारून जुने काळे बूट घालणारा. हे सगळं आम्हाला तोंडपाठ. पण या माणसाने बारा वर्षांत काही अगदी साध्या, घरगुती, उद्या सकाळपासून पाळता येतील अशा गोष्टीही सांगितल्या होत्या. देवशास्त्र नव्हे, शिस्त. त्या कोणाला पाठ आहेत?

प्रवचनाचंच घ्या. जून २०२४ मध्ये पोपनी जाहीर सांगितलं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, कारण त्यापुढे लोकांचं लक्ष उडतं आणि डोळा लागतो. एक चित्र, एक विचार, एक भावना, संपलं. आमच्याकडे आठव्या मिनिटाला फादर प्रस्तावनेत असतात. दहाव्या मिनिटाला विनोद होतो. तो मागच्या नाताळातला असतो, पण लोक जागे आहेत हे दाखवण्यासाठी हसतात. चौदाव्या मिनिटाला ते मुलांच्या मोबाइलवर घसरतात आणि विसाव्या मिनिटाला म्हणतात, ‘शेवटी एकच सांगतो.’ जाणत्यांना ठाऊक असतं की ही मधली सुट्टी आहे.

फादरांना एकट्याला दोष देण्यात मजा आहे, न्याय नाही. कारण एखाद्या नव्या, तरुण फादरने सात मिनिटांत नेमकं बोलून संपवलंच, तर बाहेर आल्यावर मावशी काय म्हणतात? ‘आज काही तयारी नव्हती वाटतं पोराची.’ लांबीवरून वजन ठरवायची आमची जुनी सवय आहे. प्रवचन लांब हवं, मेणबत्ती लांब हवी, लग्नपत्रिकेवर नावांची यादी लांब हवी. पोप काय, रोममध्ये बसून बोलणार. त्यांना कुठे आमच्या सणाची मिस्सा ऐकायची आहे!

मोबाइलचं तर त्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्येच सांगून ठेवलं होतं. मिस्सामध्ये धर्मगुरू अंतःकरणं उंच करा म्हणतात, मोबाइल उंच करा म्हणत नाहीत, अशा अर्थाचं ते बोलले होते. वर त्यांनी असंही म्हटलं की फोन उंचावणाऱ्यांत फक्त भाविक नसतात, धर्मगुरू आणि बिशपही असतात. हे भाषण आम्हाला फार आवडलं. चौकातल्या एकाने तर त्याचा व्हिडिओ मला मिस्सा चालू असताना पाठवला.

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी एकदा चर्चमध्ये मागे उभे राहून बघा. पांढऱ्या फ्रॉकमधली पोरगी जीभ काढून उभी, समोर ख्रिस्तप्रसाद हातात घेतलेले फादर, आणि दोघांच्या मध्ये फोटोग्राफर. तो फादरांना डोळ्यांनी खुणावतो, ‘जरा थांबा.’ आणि फादर थांबतात. साक्षात परमेश्वर फोकसची वाट बघतो.

लग्नांबद्दल मी बोलणार नव्हतो. घरात दोन लग्नं ठरली आहेत आणि मला जेवायला जायचंय. पण जानेवारी २०१८ ची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पोप चिलीमध्ये विमानाने जात होते. विमानातल्या कर्मचाऱ्यांत एक जोडपं होतं. त्यांचं नोंदणी लग्न झालेलं, पण २०१० च्या भूकंपात चर्चची पडझड झाल्याने चर्चमधलं लग्न राहून गेलेलं. ते आशीर्वाद मागायला आले, तर पोपनी त्यांचं तिथेच, आकाशात, लग्नच लावून दिलं. दाखला एका कागदावर हाताने लिहिला, त्यावर सह्या झाल्या. ना मांडव, ना बँड, ना ड्रोन. ड्रोन तर तिथे उडवताही आला नसता.

ही बातमी आमच्याकडे अश्रू ढाळत वाचली गेली. ढाळणाऱ्यांत ज्या गृहस्थांनी पुढच्याच महिन्यात मुलीच्या लग्नासाठी वाडीचा तुकडा विकला, तेही होते. चार दिवस कार्यक्रम, प्रत्येक दिवसाचा रंग वेगळा, किनाऱ्यावर आधी एक चित्रफीत, आणि चर्चमधला विधी या सगळ्यात कुठेतरी पाऊण तास, कारण हॉलची वेळ टळत होती. वाडी विकली त्याचं दुःख नाही, ज्याची त्याची मर्जी. पण चुलत्याने खर्च कमी करायला सुचवलं तर त्याच्याशी अबोला धरायचा आणि पोपने विमानात फुकट लग्न लावलं तर डोळे पुसायचे, हे कौशल्य मात्र दाद देण्याजोगं आहे.

बाकीची यादी लांब आहे, मी भराभर उरकतो. आठ मिनिटं मलाही लागू आहेत. पवित्र गुरुवारी त्यांनी २०१३ मध्ये रोममधल्या बालसुधारगृहात जाऊन कैद्यांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमानही होते; २०१६ मध्ये तर नियमच बदलून स्त्रियांना त्या विधीत घेतलं. आमच्याकडे कित्येक ठिकाणी बारा खुर्च्यांवर अजून देणगीदार आणि माजी पदाधिकारी बसतात, पाय घरूनच स्वच्छ धुऊन. सिस्टाइन चॅपलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी बाळं रडायला लागली, तर त्यांनी आयांना निःसंकोच पाजायला सांगितलं. आमच्याकडे बाळाने नुसता हुंकार दिला की पुढच्या तीन बाकांवरच्या माना अशा वळतात की आई बिचारी बाळासकट बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे, आशीर्वादाचे, मिस्साच्या हेतूंचे दरपत्रक लावणं हे लोकांच्या मनातून न उतरणारं पाप आहे, असं ते २०१४ मध्ये म्हणाले. एका ठिकाणी यानंतर दरपत्रक खरोखर काढलं. आता तोंडी सांगतात.

आणि कुचाळक्या! या एका विषयावर ते जितक्या वेळा बोलले, तितके बहुधा सैतानावरही बोलले नसतील. कुचाळकी म्हणजे दहशतवाद, बाँब टाकायचा आणि आपण सटकायचं, असं त्यांचं म्हणणं. उपाय सोपा सांगितला: जीभ चावा. ती सुजेल आणि बोलताच येणार नाही. हा उपाय आमच्याकडे गंभीरपणे सुरू झाला, तर रविवारी साडेआठच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात काही भयाण शांतता पसरेल. अर्धा गाव डॉक्टरकडे जाईल आणि डॉक्टरला कारण सांगता येणार नाही.

पर्यावरणावर मात्र आम्ही कृती केली, हे कबूल केलं पाहिजे. ‘लाउदातो सी’ हे त्यांचं परिपत्रक २०१५ मध्ये आलं. आम्ही त्यावर चर्चासत्र भरवलं. हॉल थंडगार होता; बाहेर मे महिना आणि आत शाल. परिपत्रकाच्या पंचावन्नाव्या परिच्छेदात वाढत्या एअर कंडिशनरचंच उदाहरण दिलं आहे, पण वक्ते तिथवर पोचलेच नाहीत. प्रत्येकापुढे पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. आभारप्रदर्शनात प्लॅस्टिकमुक्तीचा ठराव झाला आणि पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या वेष्टनातले पुष्पगुच्छ दिले गेले.

हे रोमच्या फ्रान्सिसबद्दलच होतं असं नाही. आमच्या मातीतल्या फ्रान्सिसचंही आम्ही हेच केलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा दिला, इथलं पाणी आणि झाडं वाचावीत म्हणून दमदाटी सोसली, ‘सुबोध बायबल’ लिहिलं, २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हाही ग्रुपवर फोटोंचा असाच पूर आला होता. त्या पुरात ज्यांनी हात जोडले, त्यांतल्या काहींनी आपापली बावखलं, म्हणजे वाडीतली तळी, आधीच बुजवून तिथे पार्किंग केलेलं होतं. एकाने तर श्रद्धांजलीचा फलकच त्या पार्किंगच्या कुंपणावर लावला. जागा दर्शनी होती ना.

मग आलं कॉन्क्लेव्ह, म्हणजे नव्या पोपची निवड. पोप गेल्याच्या दिवशीच ‘कॉन्क्लेव्ह’ या सिनेमाचे प्रेक्षक अनेक पटींनी वाढले. मतदानाला जाणाऱ्या काही कार्डिनलांनीही तो अभ्यासासाठी बघितल्याच्या बातम्या आल्या. मग आम्ही का मागे राहू? वाडीत सगळ्यांनी बघितला. त्यानंतर दोन आठवडे आमच्या भागात जो तो कार्डिनलांचा जाणकार होता. ज्याला आपल्या धर्मग्रामाच्या आर्थिक समितीत कोण आहे ते सांगता येत नाही, तो नाक्यावर वडापाव खात मला मनिलाच्या कार्डिनलांचे आकडे समजावत होता. ७ मे रोजी १३३ कार्डिनल आत गेले, ८९ मतं लागणार, धूर काळा म्हणजे अमुक, पांढरा म्हणजे तमुक. भारतातून चौघे मतदार होते, गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव त्यांतले एक. मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस यांची ऐंशी वर्षं काही महिन्यांपूर्वीच भरल्याने ते मतदानातून बाद. हे शेवटचं गणित नाक्यावर असं हळहळत सांगितलं जात होतं, जणू आमचा फलंदाज नव्वदीत धावचीत झाला.

८ मे रोजी पांढरा धूर निघाला आणि लिओ चौदावे आले. जन्म शिकागोचा, हयातीतली बरीच वर्षं पेरूमध्ये मिशनकार्य. अमेरिकेत पहिला वाद पेटला तो ते कुठल्या बेसबॉल संघाचे यावर. भावाने शेवटी खुलासा केला की व्हाइट सॉक्सचे. आमच्याकडे त्याच रात्री शोध लागला की ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख असताना ते केरळात येऊन गेले होते. सकाळपर्यंत ते ‘आपलेच’ झाले. नवा फोटो, तेच स्टेटस.

सप्टेंबरमध्ये त्यांनी कार्लो अक्युटिसला संत म्हणून घोषित केलं. हा इटालियन पोरगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची त्याने वेबसाइट केली होती. आसिझीत काचेआड त्याचा देह जीन्स आणि बुटांत ठेवलेला आहे. आमच्या घराघरांतल्या मुलांना या संताची फार भक्ती जडली आहे. पुतण्या म्हणतो, ‘काका, बघा, प्लेस्टेशन खेळणाराही संत होतो.’ होतो बाबा. फक्त कार्लो ते आठवड्यातून एक तास खेळायचा. हे सांगितल्यावर पुतण्याची भक्ती जरा उतरली, आणि त्याच्या वडिलांची चढली. वडिलांचा स्वतःचा स्क्रीनटाइम विचारायचं मी टाळलं. मला त्यांच्याकडेच जेवायचं होतं.

संत होणार म्हटलं की फोटोच्या पलीकडेही धंदा असतो. कार्लोचे म्हणून सांगितलेले केस इंटरनेटवर लिलावाला निघाले आणि आसिझीच्या बिशपांना सरकारी वकिलांकडे तक्रार द्यावी लागली. केसाला गिऱ्हाईक मिळतं. आठवड्यातल्या त्या एका तासाला कोणी बोली लावत नाही.

तर नव्या पोपमहोदयांवरही आमचं प्रेम बसलेलं आहे, काळजी नसावी. त्यांचं पहिलं मोठं पत्र ‘दिलेक्सी ते’ ९ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालं. लिहायला घेतलं होतं फ्रान्सिस यांनी, पुरं केलं लिओ यांनी. विषय गरिबांवरचं प्रेम. एकूण १२१ परिच्छेद आहेत, व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं, आणि त्यात फोटो एकही नाही.