मालक गाडीखाली आहेत

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत माणसाचा मान गाडीवरून ठरत नाही, सुट्या भागांवरून ठरतो. इंदूरच्या आमच्या कंपूतले सर्वांत वजनदार काका तर गाडीच बाळगत नाहीत. ती त्यांनी केव्हाच विकली. पण प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या दिव्यांच्या कोऱ्या काचा, खोक्यासकट, त्यांच्या कपाटात आहेत. त्यामुळे रविवारी पोह्यांवर पहिलं जिरावण त्यांच्याच हातून पडतं. काकांना साधा ताप आला तरी झाडून सगळे फळं घेऊन भेटायला जातात. काकू पाणी देता देता प्रत्येकाला सांगतात, ‘‘बरे आहेत. आणि किल्ली उशाखालीच आहे.’’

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं थांबल्याला पंचवीसेक वर्षं झाली. आता भाग मिळतात ते सरवटे बसस्थानकाजवळच्या छोट्या ग्वालटोलीत, भंगारात, किंवा एखाद्याच्या मनाला पाझर फुटला तर. ग्वालटोलीतले दुकानदार आमच्याहून बेरकी. कंपूत नवा मुलगा आला की त्याला ‘इंडिकेटरचं ऑइल’ आणायला पाठवायची आमची रीत. परवाच्या पोराला दुकानदाराने गंभीरपणे विचारलं, ‘‘भिया, बाएँ का या दाएँ का?’’ पोरगा विचारायला परत आला. आम्ही म्हटलं, दोन्हीचं आण.

पद्मिनीची खरी थट्टा उन्हाळ्यात होते. इंजिनावरचा इंधनपंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर चौकात ध्यान लावून बसते. उपाय ठरलेला: पंपावर ओलं फडकं. म्हणून आमच्या प्रत्येक गाडीत पाण्याची बाटली असते, आणि त्यातलं पाणी माणसाने प्यायचं नसतं. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या बगलेत. तो अडकला की बोनेट उघडून खालची जोडणी हाताने हलवायची. मागचे हॉर्न वाजवतात, मालक बोनेटमध्ये डोकं घालून, ‘‘बस, दोन मिनिटं!’’ ही दोन मिनिटं इंदुरात फार लांब असतात.

आता एवढ्या फजितीतही आमची मान ताठ का, तर गावाला परंपरा आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना गाड्यांचा जबर नाद. त्यांच्यासाठी 1935 ची ड्युसेनबर्ग एसजे अमेरिकेत तयार झाली, तिचा सांगाडा लंडनला गेला आणि गर्नी नटिंग कंपनीने त्यावर केशरी-काळं अंग चढवलं. पुढे लाल आणि निळे दिवे होते, म्हणे: आत खुद्द महाराज आहेत की नाहीत हे पोलिसांना लांबूनच कळावं म्हणून.

ही हकीकत ऐकल्यापासून आमच्या एका पद्मिनीवाल्यांनी तेच दिवे बसवायचं मनावर घेतलं आहे. मालक गाडीत असले तर निळा, गाडीखाली असले तर लाल. वायरिंग करणाऱ्याने विचारलं, ‘‘मग निळा बसवायचाच कशाला?’’

त्या ड्युसेनबर्गच्या इंजिनाची ताकद कंपनी 320 अश्वशक्ती सांगे. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन चाळीसेकच्या घरातलं. म्हणजे महाराजांची एक गाडी बरोबर आमच्या आठ, असा हिशेब कुणीतरी मांडला. लगेच काचांवाले काका म्हणाले, ‘‘आठ पद्मिन्या एकाच वेळी चालू असलेल्या दाखवा, मग हिशेब करू.’’ त्यांना कोण उलट बोलणार?

हल्ली मात्र कंपूला नवं खूळ लागलंय. जवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा लंबगोल वेगमार्ग आहे. 2021 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वळणावरही गाड्या तुफान वेगाने पळाव्यात म्हणून तो बांधलाय. तिथे आपली एक फेरी व्हावी, अशी सर्वांची फार इच्छा. अर्जाचा मसुदाही तयार झाला. गाडीचा कमाल वेग, चालकाचं नाव सगळं लिहून झालं आणि खाली काकूंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: ‘मार्गावर मधे कुठे पाण्याचा नळ आहे का, कृपया कळवावे.’