शंकेला जागाच ठेवू नका : फाउंड्रीतली धूळ मोजण्याची प्राथमिक पुस्तिका

नव्यानं रुजू झालेल्या सेफ्टी ऑफिसरांसाठी. समोर कोल्हापूरची फाउंड्री ठेवली आहे. पण सिलिका वाळू उडते तिथे कुठेही चालेल.

१. दिवस निवडा. बाहेर आषाढाचा पाऊस, निम्मे कामगार भातलावणीला गेलेले आणि नॉकआउट (साचा फोडून ओतीव बाहेर काढणं) बंद. मग तर सोन्याहून पिवळं. विसातल्या एखाद्या दिवशी धूळ नेहमीच्या चौपट होऊ शकते. त्या दिवशी तुम्ही रजेवर असा.

२. हवेचा नमुना ओढणारा पंप लावा. नमुना घेणारं तोंड कामगाराच्या नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत हवं, असा दंडक आहे. पण पंप अंगावर वागवत फेटलिंग (ओतीव घासून साफ करणं) जाचक. माणुसकी म्हणून तो सुपरवायझरच्या एसी केबिनमध्ये ठेवा.

३. एकच नमुना घ्या. 'ईएन ६८९' हे युरोपीय मानक म्हणतं, तीनच नमुन्यांवर भागवायचं तर तिन्ही धुळीच्या मर्यादेच्या १० टक्क्यांखाली हवेत. चार असतील तर १५, पाच असतील तर २०. नमुने कमी, तर कसोटी कडक. युरोपवाल्यांना वेळ आहे. दोन नमुने घेतले की दोन आकडे येतात आणि लोक प्रश्न विचारतात.

४. धुळीतलं क्वार्ट्झ (स्फटिकी सिलिका) किती, ते ठरवा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीतलं सूत्र पाहा : फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक धुळीची मर्यादा म्हणजे १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २), मिलिग्रॅम प्रति घनमीटर. १८ टक्के धरलं तर ०.५, ८ धरलं तर १. धूळ तेवढीच, मर्यादा दुप्पट! प्रयोगशाळेचं बिल कशाला? गेल्या वर्षीचा अहवाल आहेच.

५. सरासरी काढा. फेटलिंग शेड, स्टोअर आणि वॉचमनची चौकी एकत्र करा. वॉचमनला धूळ लागत नाही, पण सरासरी तोच सांभाळतो.

६. आकडा लिहा. दशांशानंतर तीन स्थळं हवीतच. 'कमी-अधिक किती' असा रकाना असेल तर खोडा.

चुकण्याची भीती बाळगू नका. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुप्फुसांचा आजार, बहुधा दहाएक वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर तुम्हाला बढती मिळालेली असते आणि तो फेटलर कुठल्या ठेकेदाराचा होता, हे कुणालाच आठवत नाही.

इशारा : काही हट्टी तज्ज्ञ म्हणतात, आकड्याची शंका असेल तर ती कामगाराच्या बाजूनं धरा, आधी धूळ ओढणारा हूड बसवा, मग पुन्हा मोजा. असा कुणी ऑडिटला आलाच, तर चहा केबिनमध्येच पाजा.